गोल कोपरे, तीस ट्रक आणि एक अब्ज डॉलर

ॲपल आणि सॅमसंग यांच्या पेटंट खटल्याचा विषय निघाला की एक जुनं ढकलपत्र हमखास वर येतं. थोडक्यात ते असं: ‘ॲपलने म्हणे गोल कोपऱ्यांच्या आयताचं पेटंट घेतलं. आयत काय कुणाच्या बापाचा आहे? सॅमसंगने काहीच चोरलं नव्हतं, तरी अमेरिकेच्या कोर्टाने आपल्या कंपनीला एक अब्ज डॉलर मिळवून दिले. मग सॅमसंगने ती रक्कम पाच सेंटच्या नाण्यांत, तीस ट्रक भरून ॲपलच्या दारात ओतली. आणि खरी गंमत म्हणजे दोघांचा आतून धंदा चालूच होता, म्हणजे सगळं नाटकच.’

खटला एप्रिल २०११ मध्ये कॅलिफोर्नियात दाखल झाला आणि जून २०१८ मध्ये तडजोडीने मिटला. मधल्या सात वर्षांत निकाल कितीदा तरी बदलले, ढकलपत्र मात्र जसंच्या तसं राहिलं. ॲपलची वकिली करण्याचा इथे हेतू नाही. या खटल्यात ॲपलवर आणि त्याहून जास्त अमेरिकी कायद्यावर चिडावं असं खरोखर काहीतरी आहे. ढकलपत्र नेमकं त्याच्या आसपासही फिरकत नाही.

आधी ट्रक, कारण लोकांना तेच सगळ्यात जास्त आवडतात. २४ ऑगस्ट २०१२ ला ज्यूरीने सांगितलेला आकडा होता सुमारे १.०५ अब्ज डॉलर. एका डॉलरची पाच सेंटची वीस नाणी, म्हणजे एकूण २१ अब्ज नाणी. एका नाण्याचं वजन ५ ग्रॅम. गुणाकार केला की १ लाख ५ हजार टन होतात. तीस ट्रकांत वाटले तर एकेका ट्रकात साडेतीन हजार टन! अमेरिकेच्या आंतरराज्य महामार्गांवर भरलेल्या ट्रकचं एकूण वजन सर्वसाधारणपणे ८० हजार पौंडांपर्यंत, म्हणजे साधारण ३६ टनांपर्यंत चालतं. ट्रकचं स्वतःचं वजन शून्य धरलं तरी जवळजवळ २,९०० ट्रक लागतील. शिवाय त्या दिवशी सॅमसंगने एक सेंटही देणं लागत नव्हतं. ज्यूरीचा कौल म्हणजे न्यायाधीशांचा अंतिम हुकूम नव्हे, आणि पुढे अपिलं होतीच. सॅमसंगने ॲपलला ५४.८ कोटी डॉलर द्यायचं कबूल केलं ते डिसेंबर २०१५ मध्ये. नाण्यांची गोष्ट मेक्सिकोतल्या ‘एल देफोर्मा’ या विडंबन-बातम्या लिहिणाऱ्यांनी रचली होती. त्यांनी विनोद केला आणि जगाने त्याची बातमी केली.

आता आयत. इथे जरा थांबायला हवं, कारण या आरोपात अर्धं खरं आहे.

अमेरिकेत पेटंट मुख्यतः दोन जातींची. वस्तू कशी चालते याचं एक आणि वस्तू कशी दिसते याचं दुसरं, म्हणजे डिझाइन पेटंट. डिझाइन पेटंटमध्ये शब्द जवळजवळ नसतातच. हक्क सांगतात ती चित्रं. अखंड रेषेने काढलेला भाग हक्कातला, तुटक रेषेने काढलेला हक्काबाहेरचा. आयफोनच्या दर्शनी भागाचं जे पेटंट खटल्यात होतं (शेवटचे तीन आकडे ६७७), त्यातल्या चित्रांत पृष्ठभाग काळा भरलेला आहे आणि त्यावर तिरक्या रेघा आहेत. न्यायाधीश ल्यूसी को यांनी त्याचा अर्थ लावून दिला: काळा भराव म्हणजे काळा रंगच, तिरक्या रेघा म्हणजे पारदर्शक किंवा चकचकीत पृष्ठभाग. म्हणजे नुसता आयत नव्हे, तर काळा, तकतकीत, विशिष्ट प्रमाणांचा संपूर्ण चेहरा. उल्लंघन झालं की नाही हे ठरवायची कसोटी १८७१ पासूनची आहे, चमचे-काट्यांच्या मुठींवरून झालेल्या एका खटल्यातली: साधारण लक्ष देऊन खरेदी करणारा माणूस एक समजून दुसरं घेईल का? त्या कसोटीवर गॅलेक्सी एस (Galaxy S) धरून सॅमसंगचे बरेच फोन अडकले, पण त्याच घरातला गॅलेक्सी एस (Galaxy Ace) मात्र सुटला. कोपरे तर त्याचेही गोलच.

आणि ढकलपत्राला ठाऊकच नसलेली गोष्ट पुढे आहे. खटल्यात नुसत्या आयताच्या सगळ्यात जवळ जाणारं पेटंट होतं ते टॅबलेटच्या आकाराचं, शेवटी ८८९ असलेलं. त्यावर ज्यूरीने ॲपलच्या विरुद्ध कौल दिला. गॅलेक्सी टॅब १०.१ ने त्याचं उल्लंघन केलेलं नाही, असं सांगितलं. उल्लंघन नाही म्हणूनही त्या टॅबच्या एका मॉडेलपुढे ज्यूरीने चुकून २ लाख १९ हजार ६९४ डॉलर लिहिले होते. विसंगती तिथेच लक्षात आली आणि ते डॉलर वजा झाले. ज्या पेटंटच्या बातमीवरून ‘गोल कोपऱ्यांचा आयत’ जगभर गाजला, ते तर ॲपलला नोव्हेंबर २०१२ मध्ये मिळालं, म्हणजे कौलानंतर दोन महिन्यांहून अधिक काळाने. ज्या कागदाचा तेव्हा जन्मही झाला नव्हता, त्यावर अब्ज डॉलर कसे मिळतील?

‘सॅमसंगने काहीच चोरलं नव्हतं’ हे वाक्य कोर्टातल्या एका कागदापुढे टिकत नाही. मार्च २०१० चा, सॅमसंगचाच अंतर्गत अहवाल, १३२ पानांचा. पानावर एका बाजूला आयफोनचा पडदा, दुसऱ्या बाजूला सॅमसंगच्या येऊ घातलेल्या गॅलेक्सीचा तोच पडदा, खाली सुधारणेची दिशा. आपलं कुठे कमी पडतं आणि ते आयफोनसारखं कसं करावं, याची एकेक बाब धरून केलेली यादीच. स्पर्धकाचा फोन उघडून बघणं गुन्हा नाही, सगळे बघतात. पण अशी पानं ज्यूरीसमोर एकामागून एक उलटली जातात तेव्हा ‘योगायोग’ हा शब्द वकिलाच्याही तोंडून निघणं कठीण होतं. त्याच वेळी हेही सांगायला हवं की ॲपलची कार्यपद्धतीची पेटंटं काही अभेद्य नव्हती. एका बोटाने सरकवणं आणि दोन बोटांची खूण यांतला फरक ओळखणाऱ्या पेटंटवर पुढे पेटंट कार्यालयानेच हरकत घेतली.

कोर्टाच्या पक्षपाताचा मुद्दा मला सगळ्यात कमी पटतो. न्यायाधीश को यांनीच डिसेंबर २०१२ मध्ये सॅमसंगच्या फोनवर कायमची बंदी घालायला नकार दिला आणि मार्च २०१३ मध्ये भरपाईतले सुमारे ४५ कोटी डॉलर बाजूला काढून त्यांचा नव्याने हिशेब करायला लावला. अपील कोर्टाने २०१५ मध्ये आणखी एक मोठा हिस्सा उडवला. उलट सॅमसंगच्या मायदेशात काय झालं बघा. कॅलिफोर्नियातल्या कौलाच्याच तारखेला सोलच्या कोर्टाने दोघांनाही दोषी धरलं. ॲपलने सॅमसंगची दोन पेटंटं मोडली आणि सॅमसंगने ॲपलचं एक, यादीच्या टोकाला पोचलं की पडदा रबरासारखा मागे येतो ते. लंडनमध्ये तर ॲपल हरली. न्यायाधीश कॉलिन बर्स यांनी गॅलेक्सी टॅब आयपॅडइतका ‘कूल’ नाही, म्हणून गोंधळ होणार नाही, असा निकाल दिला. एवढा अपमानकारक विजय क्वचितच कुणाच्या वाट्याला येतो.

पक्षपाताचा वास घ्यायचाच असेल तर तो कोर्टाबाहेर घ्यावा. ऑगस्ट २०१३ मध्ये सॅमसंगने अमेरिकेच्या व्यापार आयोगाकडून जुन्या आयफोनवर मिळवलेली आयातबंदी ओबामा सरकारने रद्द केली. असं १९८७ नंतर पहिल्यांदाच घडलं. दोन महिन्यांनी ॲपलने सॅमसंगवर मिळवलेली तशीच बंदी मात्र त्याच सरकारने राहू दिली. बचावाला कारण होतं: सॅमसंगचं पेटंट मोबाइलच्या मानकाचा, म्हणजे सगळ्या कंपन्यांनी पाळायच्या सामायिक तांत्रिक नियमांचा, भाग होतं आणि असं पेटंट रास्त दरात सगळ्यांना देण्याचं वचन आधीच दिलेलं असतं. कारण वजनदार आहे. तरी कोरियात लोकांच्या भुवया उंचावल्या असतील तर त्यांना दोष देता येत नाही.

‘नाटक’ या मुद्द्यावर फार वेळ घालवण्यात अर्थ नाही. आयफोनच्या चिप खटला चालू असतानाही सॅमसंगच बनवत होती, हे खरं. एका कंपनीचा चिप विभाग आणि फोन विभाग वेगवेगळी गिऱ्हाइकं सांभाळतात, एवढाच त्याचा अर्थ. नाटकासाठी कुणी आपला १३२ पानांचा गुपित अहवाल कोर्टात उघडा पडू देत नाही.

राहिला पैसा, आणि चिडायचं असेल तर ते इथे. २०१८ च्या शेवटच्या कौलात ज्यूरीने ५३.९ कोटी डॉलर लावले. त्यांतले ५३.३ कोटी दिसण्याबद्दल आणि फक्त ५३ लाख कार्यपद्धतीच्या दोन पेटंटांबद्दल. पैसा दिसण्याचा होता, ही ढकलपत्रातली अर्धी खरी बाजू. पण इतका का? कारण अमेरिकी कायदा म्हणतो की डिझाइन मोडणाऱ्याने त्या वस्तूवरचा ‘संपूर्ण नफा’ द्यावा. तरतूद मूळची १८८७ ची, गालिच्यांची. नक्षी चोरीला गेलेल्या गालिचेवाल्यांना सर्वोच्च न्यायालयाने भरपाई म्हणून सहा सेंट दिले होते, आणि त्यावर उतारा म्हणून संसदेने हा नियम केला. गालिच्याला तो शोभतो, नक्षी गेली तर गालिच्यात उरतं काय? फोनमध्ये मात्र चेहऱ्यामागे रेडिओ, प्रोसेसर, बॅटरी आणि हजारो इतर पेटंटं असतात. चेहरा सारखा म्हणून सगळ्याचा नफा द्यायचा?

सॅमसंगने नेमका हाच प्रश्न सर्वोच्च न्यायालयात नेला आणि डिसेंबर २०१६ मध्ये ८-० ने जिंकली. ‘वस्तू’ म्हणजे अख्खा फोनच असं नाही, त्याचा एखादा भागही असू शकतो, असं न्यायालयाने सांगितलं. पण तो भाग ठरवायचा कसा, याची कसोटी दिली नाही. प्रकरण खाली आलं, न्यायाधीश को यांनी चार निकषांची कसोटी वापरली, आणि दिसण्याबद्दलच्या आधीच्या भरपाईतल्या ज्या ३९.९ कोटी डॉलरवरून सॅमसंग दिल्लीदरबारी नव्हे, वॉशिंग्टनपर्यंत भांडली, त्यांच्या जागी नव्या ज्यूरीने ५३.३ कोटी लिहिले. सर्वोच्च न्यायालयात एकमताने जिंकून सॅमसंगचं देणं १३ कोटींहून जास्त वाढलं. महिन्याभराने दोन्ही कंपन्यांनी तडजोड केली, अटी गुप्त राहिल्या, आणि ती चार निकषांची कसोटी बरोबर की चूक हे या खटल्यातून वरच्या कोर्टापुढे गेलंच नाही.