तारे विझत नाहीत, आभाळ उजळतंय

‘दरवर्षी दहा टक्के तारे मरतायत, काक्षी तारा विझायला लागलाय, रंकाळ्यावरून बघा, फरक दिसेल’ असा मेसेज कोल्हापुरातल्या ग्रुपांवर फिरतोय. त्यातला आकडा हवेतून आलेला नाही, अर्थ मात्र पार उलटा लावलाय.

२०२३ साली ‘सायन्स’ या संशोधनपत्रिकेत एक अभ्यास आला. २०११ ते २०२२ या काळात जगभरच्या हौशी मंडळींनी साध्या डोळ्यांनी केलेल्या पन्नास हजारांवर नोंदींवरून दिसलं, की रात्रीचं आभाळ दरवर्षी सरासरी ९.६ टक्क्यांनी उजळतंय. म्हणजे आठ वर्षांच्या आतच दुप्पट. तारे जागच्या जागीच आहेत, दिव्यांच्या उजेडात ते बुडतात. (बहुतेक नोंदी युरोप-अमेरिकेतल्या, त्यामुळे हा आकडा जसाच्या तसा कोल्हापूरला चिकटवू नये.)

काक्षीची गोष्ट वेगळी. मृगातला हा लालसर तारा मुळातच रूपविकारी, साधारण चारशे दिवसांच्या फेऱ्यात कमी-जास्त होणारा. २०१९-२०च्या हिवाळ्यात तो फारच मंदावला, कारण त्यानेच बाहेर टाकलेल्या द्रव्याची धूळ आड आली. पुढे काही महिन्यांत तो पूर्ववत झाला. कधीतरी त्याचा स्फोट होणार हे खरं, पण ‘कधीतरी’ म्हणजे बहुधा हजारो वर्षांनी.

पडताळायचंच असेल तर रंकाळ्याच्या चौपाटीवरून, भेळेच्या गाड्यांच्या झगमगाटात उभं राहून काय कळणार? जानेवारीत अमावास्येच्या आसपास पन्हाळ्याकडे दिवे नसलेली जागा गाठा, मोबाइल खिशात ठेवा, डोळ्यांना वीसेक मिनिटं द्या. मृगाच्या बाणाशेजारचे बारके तारेही दिसायला लागतील.