कोमा म्हणजे गाढ झोप नव्हे

एक संदेश सध्या हातोहात पुढे जातो आहे: ‘कोमा ही दमलेल्या मेंदूची गाढ झोप असते. घाबरू नका, तोंडात साखरपाणी घाला, जवळच्या माणसाने हाका मारत राहा, रुग्ण उठतो. आठवड्यात उठला नाही तर मेंदू मेला असं समजा. मग व्हेंटिलेटर फक्त बिलासाठी.’ यातलं जवळजवळ प्रत्येक वाक्य कुणाच्या तरी जिवावर बेतू शकतं.

आधी झोपेचं. झोपलेला माणूस हाकेने नाही तर निदान चिमट्याने जागा होतो. कोमातला कशानेच होत नाही, कारण जागं ठेवणारी यंत्रणाच बंद पडलेली असते. ही यंत्रणा मेंदूला मज्जारज्जूशी जोडणाऱ्या ब्रेनस्टेममधून वर जाते आणि मेंदूच्या दोन्ही अर्धगोलांना जागृत ठेवते. म्हणून एका बाजूच्या लहानशा पक्षाघाताने सहसा कोमा होत नाही. सूज वाढून ब्रेनस्टेमवर दाब आला की होतो. तेव्हा ‘झोपू द्या, उठेल’ म्हणत घालवलेला प्रत्येक तास महाग पडतो.

कारण कोमा हा स्वतः आजार नाही, कशाचा तरी परिणाम आहे, आणि त्यातल्या कित्येक कारणांवर उपाय आहे. रक्तातली साखर घसरली असेल तर बोटाच्या टोकावरच्या एका थेंबात कळतं आणि शिरेतून ग्लुकोज दिल्यावर माणूस अनेकदा काही मिनिटांत बोलू लागतो. तसाच पडू दिला तर मेंदूची कायमची हानी होते. अफूच्या वर्गातल्या औषधांचा अतिरेक झाला असेल तर डोळ्यांच्या बाहुल्या अगदी बारीक होतात, श्वास मंदावतो, आणि नॅलॉक्सोन या उताऱ्याच्या औषधाने तो परत येतो. जिवाणूंमुळे झालेल्या मेंदूज्वरात प्रतिजैविकं लवकर सुरू व्हावी लागतात. डोक्यात रक्त साचलं असेल तर शस्त्रक्रिया. शिवाय काही रुग्णांच्या मेंदूत फिट चालू असते आणि अंग मात्र स्थिर असतं. ती ईईजी, म्हणजे मेंदूतल्या विद्युत लहरींचा आलेख, काढल्याशिवाय सापडत नाही. यकृत किंवा मूत्रपिंड निकामी होणं, सोडियम बिघडणं, विषबाधा, हृदय बंद पडणं, ही यादी लांबते.

साखरपाण्याचा सल्ला सर्वांत घातक. बेशुद्ध माणसाला गिळता येत नाही. पाणी सरळ फुफ्फुसात जातं. श्वास चालू असेल तर कुशीवर वळवा आणि रुग्णवाहिका बोलवा. डोक्याला किंवा मानेला मार असेल तर मान हलू देऊ नका. श्वास थांबला असेल तर छातीवर दाब देणं सुरू करा.

हाका मारण्याबद्दल: बोला, जरूर बोला, हात धरा. पण हाकेने उठतोच असं सांगणं क्रूर आहे. ज्यांचं माणूस उठत नाही, ते नातेवाईक मग स्वतःलाच दोष देत बसतात.

आता ‘आठवड्यात उठला नाही तर मेंदू मेला’. कोमा आणि मेंदूमृत्यू, म्हणजे मेंदूचं काम कायमचं थांबणं, हे वेगळे आहेत. मेंदूमृत्यू ठरवण्याआधी गुंगीच्या औषधांचा परिणाम आणि शरीराचं घसरलेलं तापमान ही कारणं वगळावी लागतात. मग बाहुल्यांचा प्रकाशाला प्रतिसाद, खोकला आणि व्हेंटिलेटर बाजूला करून स्वतःचा श्वास तपासला जातो. हृदय बंद पडून कोमात गेलेल्या रुग्णाबद्दलही अंदाज बांधायला किमान 72 तास थांबतात. खरा कोमा सहसा काही आठवड्यांपलीकडे टिकत नाही. त्यानंतर काहींचे डोळे उघडतात, तरी जाणीव दिसत नाही. ‘दिसत नाही’ हा शब्द महत्त्वाचा: 2024 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, सूचनांना बाहेरून काहीच प्रतिसाद न देणाऱ्या 241 रुग्णांपैकी 60 जणांच्या मेंदूत त्या सूचना पाळल्याच्या खुणा सापडल्या.

बिलाची भीती मात्र मी खोटी म्हणणार नाही. तिच्यावर उपाय म्हणजे डॉक्टरांना नेमके प्रश्न विचारणं. कोमाचं कारण सापडलं का? गुंगीचं औषध चालू आहे का? ईईजी झाला का? ग्लासगो कोमा स्केलवर, म्हणजे 1974 पासून वापरात असलेल्या 3 ते 15 गुणांच्या मोजपट्टीवर, काल किती गुण होते आणि आज किती? डोळे, बोलणं आणि हालचाल, या तिन्हींचे गुण वेगवेगळे मागून घ्या.