असिस्टेड लिव्हिंगचा खर्च मेडिकेअर देत नाही, हे आधीच कळायला हवं

अमेरिकेतल्या आपल्या मराठी घरांमध्ये एक समज फार घट्ट आहे. पासष्टी झाली, मेडिकेअर मिळालं, आता आई-बाबांची काळजी मिटली. ओळखीतल्या कितीतरी घरांत हा समज नेमका अडचणीच्या वेळी कोसळलेला पाहिलाय, म्हणून सविस्तर लिहितेय.

मेडिकेअर हा सरकारचा आजारपणाचा विमा आहे. डॉक्टर, हॉस्पिटल, औषधं, ऑपरेशननंतरचं थोडे दिवसांचं रिहॅब. पण अंघोळ घालायला, कपडे बदलायला, गोळ्या वेळेवर द्यायला रोज माणूस लागतो, तेही कायमचा, तेव्हा मेडिकेअर हात वर करतं. असिस्टेड लिव्हिंगचे, म्हणजे स्वतःची खोली आणि रोजच्या कामांना मदत मिळते अशा निवासाचे, महिन्याचे पैसे ते भरत नाही. स्किल्ड नर्सिंगमध्ये, म्हणजे हॉस्पिटलनंतर नर्स आणि थेरपी मिळते त्या जागी, ते जास्तीत जास्त १०० दिवस खर्च देतं, त्यातले पहिले २० दिवस पूर्ण, पुढे रोजचा ठरावीक हिस्सा आपला. सरकारकडून थेट घेतलेल्या मूळ मेडिकेअरमध्ये त्यासाठीही आधी हॉस्पिटलात सलग ३ दिवस ‘इनपेशंट’ (रीतसर भरती झालेला पेशंट) म्हणून नोंद लागते. ‘ऑब्झर्वेशन’मध्ये, म्हणजे भरती न करता नुसतं देखरेखीखाली, ठेवलं असेल तर ते दिवस धरत नाहीत, मग पेशंट त्याच वॉर्डात त्याच खाटेवर का असेना. बाबांना ॲडमिट करताय? पहिल्याच दिवशी विचारा, नोंद कशी केली आहे.

खरा आधार मेडिकेडचा. मेडिकेअर आणि मेडिकेड दोन्ही १९६५ सालचे, पण मेडिकेड कमी उत्पन्न आणि कमी शिल्लक असलेल्यांसाठी, आणि त्याचे नियम राज्यागणिक बदलतात. इथे एक गोष्ट मला अजिबात पटत नाही. पात्र माणसाचा नर्सिंग होमचा (जिथे चोवीस तास नर्सिंगची सोय असते) खर्च देणं प्रत्येक राज्यावर बंधनकारक आहे. असिस्टेड लिव्हिंगमधली मदत मात्र राज्याच्या मर्जीवर. ती बहुतेक ठिकाणी ‘वेव्हर’मधून, म्हणजे नर्सिंग होमबाहेर काळजी देण्यासाठी राज्याला मिळणाऱ्या खास परवानगीतून, मिळते. ही सोय १९८१ च्या कायद्याने आली, पण वेव्हरच्या जागा मोजक्या असतात आणि कित्येक राज्यांत त्यासाठी रांग असते. म्हणजे ज्या आजींना थोडी मदत मिळाली तर त्या स्वतःच्या खोलीत, स्वतःच्या खुर्चीत बसून राहू शकतात, त्यांना थांबा म्हणायचं, आणि त्याहून महागड्या नर्सिंग होमचं दार मात्र उघडं ठेवायचं. सरकारचेही जास्त पैसे जातात आणि माणसाचेही हाल होतात. हा अन्याय आहे, आणि आपण मतदार म्हणून त्यावर बोलायला हवं.

वेव्हर मिळाला तरी तो काळजी घेण्याचे पैसे देतो, खोलीचे आणि जेवणाचे नाही. ते सोशल सिक्युरिटीच्या पेन्शनमधून किंवा एसएसआयमधून (कमी उत्पन्नाच्या ज्येष्ठांना मिळणारा सरकारी भत्ता) भागवायचे. काही राज्यं वर थोडी भर घालतात, पण ते गृहीत धरू नका.

आता आपल्या घरांत हमखास होणारी गोष्ट. घर मुलाच्या नावावर करून टाकायचं, नातीच्या कॉलेजला मोठी रक्कम द्यायची. हेतू प्रेमाचाच असतो. पण मेडिकेडचा अर्ज केला की बहुतेक राज्यांत मागच्या ५ वर्षांतले असे व्यवहार तपासतात, आणि जे फुकट दिलं त्याच्या हिशोबाने काही काळ मदत थांबवतात. भारतातला फ्लॅट आणि तिकडच्या ठेवी हीसुद्धा मालमत्ताच, ती लपवायची नाही. दोघांपैकी एकालाच काळजीची गरज असेल, तर घरी राहणाऱ्या जोडीदारासाठी काही शिल्लक राखता येते. १९८८ च्या कायद्याने ती सोय केली, आणि ती वापरण्यात लाज कसली?

ग्रीन कार्डवर आलेल्या आई-बाबांचा प्रश्न वेगळा आहे. मेडिकेडसाठी साधारणपणे ५ वर्षं थांबावं लागतं, आणि इथे नोकरी न केलेल्यांना मेडिकेअर घेण्यासाठीही ५ वर्षांचा सलग रहिवास लागतो. पार्ट ए चा (मेडिकेअरचा हॉस्पिटलचा भाग) हप्ताही त्यांना सहसा स्वतःच भरावा लागतो. मुलाने इथे कितीही वर्षं टॅक्स भरलेला असो, त्याची ती वर्षं आई-बाबांच्या खात्यात लागत नाहीत. त्यांना कायमचं बोलावण्याआधी हा हिशोब घरात सगळ्यांसमोर मांडायला हवा, त्यांच्यासमोरही.

बाकीचे मार्ग आहेत. लाँग टर्म केअर विमा (अशा दीर्घकाळच्या काळजीचा खर्च देणारा) पन्नाशीत, तब्येत धड असताना घ्यायचा. मोठ्या आजाराचं निदान झाल्यावर सहसा कोणी देत नाही. अमेरिकेच्या सैन्यात होते त्यांना ‘एड अँड अटेंडन्स’ (काळजीसाठी पेन्शनवर मिळणारी वाढीव रक्कम) मिळू शकतं. राहतं घर विकणं हा बऱ्याच जणांचा शेवटी खरा मार्ग ठरतो. वॉशिंग्टन राज्याने मात्र वेगळं धाडस केलं. तिथे जुलै २०२३ पासून पगारातून ०.५८ टक्के कापून सगळ्यांसाठी एक निधी उभा राहतोय, त्यातून सुरुवातीला आयुष्यभरात ३६,५०० डॉलरपर्यंत मदत ठरवली गेली. रक्कम पुरेशी नाही, मान्य. तरी २०२४ मध्ये हा निधी ऐच्छिक करायचा प्रस्ताव तिथल्या मतदारांनी फेटाळला, याचं मला फार बरं वाटलं. असं प्रत्येक राज्यात व्हायला हवं.

जागा बघायला जाल तेव्हा बाग आणि जेवणघर नंतर बघा. आधी विचारा: आमचे पैसे संपले तर तुम्ही मेडिकेड घेता का? किती वर्षं स्वतः भरल्यावर? बरीच ठिकाणं घेतच नाहीत, आणि मग नव्वदीच्या माणसाला सामान बांधावं लागतं. जे घेतात त्यांच्याकडून ते करारात लिहून घ्या. सही करण्याआधी एल्डर लॉ वकिलाला (ज्येष्ठांच्या प्रश्नांचा जाणकार वकील) करार दाखवा. मेडिकेअरच्या प्रश्नांसाठी प्रत्येक राज्यात ‘शिप’ या सरकारी सल्ला सेवेचा सल्ला फुकट मिळतो, आई-बाबांना सोबत घेऊन जा.