फॉरवर्ड करायच्या आधी फोटो तरी बघा

सकाळी साडेसहाला चहाचं आधण ठेवून फोन हातात घेतला, तिथेच चुकलं. पालकांच्या ग्रुपवर सत्तेचाळीस मेसेज. सगळ्यात वर एक स्क्रीनशॉट. आपल्या टाउनचा नकाशा, त्यावर लैंगिक गुन्हेगार राहतात म्हणे अशा घरांवर सात-आठ लाल ठिपके आणि एका ठिपक्याभोवती कुणीतरी बोटाने काढलेला वेडावाकडा गोल. खाली लिहिलंय, "हॅलोविनला ह्या गल्लीत मुलांना पाठवू नका. सगळ्या ग्रुपवर टाका." त्याखाली हात जोडलेले, लालबुंद चेहरे, "बाप रे", "थँक्स फॉर शेअरिंग", आणि एका महाशयांचं "अशांना टाउनमधून हाकललंच पाहिजे".

चहा उतू गेला तो गेलाच.

सत्तेचाळीस मेसेजमध्ये एकानेही विचारलं नाही की हा नकाशा कुठला? सरकारी नव्हताच तो. कोपऱ्यात एका खाजगी ॲपचं नाव होतं. महिन्याला पैसे घेतात आणि आपल्या भीतीवर पोट भरतात. न्यू जर्सी स्टेट पोलिसांची लैंगिक गुन्हेगारांची यादी नेटवर फुकट आहे, बघायला पाच मिनिटं लागतात. पण पाच मिनिटं कुणाकडे असतात? फॉरवर्डला एक सेकंद लागतो.

माझा हा राग जुना आहे. ज्यांना किस्सा पाठ आहे त्यांनी पुढचा भाग सोडून द्या.

अकरा वर्षांपूर्वी आम्ही ह्या भागात नवीन आलो, तेव्हा तळमजल्यावरचं दोन बेडरूमचं अपार्टमेंट घेतलं होतं. भाडं आजूबाजूपेक्षा दीडशे डॉलर कमी, नवरा खूश. ओजस किंडरगार्टनमध्ये. त्याच्या पाचव्या वाढदिवसाला वर्गातल्या चौदाही मुलांच्या दप्तरात आमंत्रणं घातली. तीस जणांचा केक, वर निळी आगगाडी. मी पहाटे उठून बटाटेवड्याचं सारण केलं, गोऱ्या मुलांना चालेल म्हणून मिरची निम्मी. वेळ दुपारी तीनची. साडेतीनला मी खिडकीशी उभी. चार वाजता ओजसने विचारलं, "आई, आज शनिवारच आहे ना?"

चौदातला एक आला. मार्कस, आणि त्याची आई.

मुलं आतल्या खोलीत गेल्यावर तिने ओट्याशी उभं राहून मला हळूच सांगितलं. आमंत्रणावरचा पत्ता कुणीतरी फोनमध्ये घातला होता. कुठल्यातरी खाजगी साइटवर आमच्या दारावर लाल ठिपका निघाला. मग सकाळी मुलांना सोडताना पार्किंगमध्ये एकीने दुसरीला सांगितलं, दुसरीने तिसरीला. म्हटलं, मग तू कशी आलीस? ती म्हणाली, "मी स्टेट पोलिसांची साइट उघडली. तो माणूस सापडला, पण पत्ता दुसऱ्याच टाउनचा. आणि फोटो बघितला ना. फोटोतला माणूस साठीचा, गोरा, टकला आहे. तुझ्या नवऱ्याला तर मी रोज बस स्टॉपवर बघते!"

तेव्हा मला हसू आलं आणि मग रडू आलं, वडे तळता तळता.

तो आमच्या आधीचा भाडेकरू. दोन वर्षांपूर्वी घर सोडून गेलेला. त्याने नवीन ठिकाणी जाऊन कायद्याप्रमाणे नोंद केली होती, सरकारी यादी बदललीही होती. बदलली नव्हती ती फक्त त्या खाजगी साइटवरची जुनी नक्कल. बारा-तेरा घरांतल्या शिकल्यासवरलेल्या आईबापांपैकी एकानेही फोटो बघितला नाही.

तर ही यादी चालते कशी ते सांगते, कारण ग्रुपवर सांगायला गेले तर "ताई लेक्चर देतात" होतं. लैंगिक गुन्हा कोर्टात सिद्ध झालेल्या माणसाला आपण राहतो त्या टाउनच्या पोलिसांकडे जाऊन नोंद करावी लागते. नुसत्या आरोपावर कुणाचं नाव यादीत जात नाही. घर बदलायचं तर किमान दहा दिवस आधी कळवायचं. पत्ता दरवर्षी पडताळायचा, काहींना दर नव्वद दिवसांनी. पुन्हा गुन्हा करण्याचा धोका किती, ह्याचं गुणांकन काउंटीचा प्रॉसिक्युटर, म्हणजे सरकारी वकील, करतो आणि त्यावर हरकत असेल तर त्या माणसाला जजसमोर जाता येतं. त्यावरून तीन श्रेणी. पहिल्या श्रेणीची माहिती पोलिसांपुरती. दुसरीची आजूबाजूच्या शाळा आणि नोंदणीकृत संस्थांना जाते. तिसरी, म्हणजे सगळ्यात धोकादायक, असेल तर पोलिस स्वतः आसपासच्या घरांची दारं वाजवून सांगतात. नेटवर कोण? तिसरी श्रेणी आणि दुसरीतले काही. पहिली श्रेणी नेटवर नाहीच.

म्हणजे नकाशा कोरा दिसला तर गल्ली स्वच्छ आहे, असं काही नाही. आणि ठिपका दिसला तर आत आजही तोच माणूस आहे, असंही नाही. हे कुणाला वाचायचंय?

दुसऱ्या राज्यांतल्या मैत्रिणींनो, तुमच्याकडचं गणित वेगळं आहे हं. कॅलिफोर्नियाने तर १९४७ सालीच नोंदणी सुरू केली, देशात सगळ्यात आधी. २०२१ पासून तिथे नाव किती वर्षं यादीत ठेवायचं ह्याच्या दहा वर्षं, वीस वर्षं आणि जन्मभर अशा तीन पायऱ्या आहेत. २००६ च्या केंद्राच्या कायद्यात पंधरा, पंचवीस आणि जन्मभर, आणि पायरी ठरते ती गुन्ह्यावरून. आमच्यासारखं धोक्याचं गुणांकन त्यात नाही. सगळ्या राज्यांत एकदम शोधायचं तर केंद्र सरकारची फुकट साइट आहे, ड्रू स्योदिन ह्या नॉर्थ डकोटाच्या विद्यार्थिनीच्या नावाची. २००३ मध्ये तिला पळवून मारलं होतं. ह्या साइटची स्वतःची यादी नाही, ती प्रत्येक राज्याच्या यादीला विचारून उत्तर आणते.

आता कुणीतरी म्हणणार, "तुला गुन्हेगारांचा फार पुळका." थांबा.

मेगन कांका. सात वर्षांची. आपल्याच न्यू जर्सीतलं हॅमिल्टन टाउनशिप, २९ जुलै १९९४. समोरच्या घरातल्या माणसाने कुत्र्याचं पिल्लू दाखवतो म्हणून आत बोलावलं आणि अत्याचार करून तिला मारलं. त्याला त्याआधी मुलांवरच्या लैंगिक गुन्ह्यांसाठी दोनदा शिक्षा झाली होती. त्या घरातले दुसरे दोघेही तसेच, तिघांची ओळख ॲव्हेनेलच्या तुरुंगात झालेली. हेच ते ॲव्हेनेल, आपण ओक ट्री रोडवर मेथी-कोथिंबीर घेतो तिथून थोडक्या मैलांवर. मेगनच्या आईवडिलांना ह्यातलं काहीच माहीत नव्हतं. त्यांनी पेटिशन काढलं, आणि जेमतेम तीन महिन्यांत, ३१ ऑक्टोबरला, म्हणजे हॅलोविनच्याच दिवशी, अशा माणसांची माहिती शेजाऱ्यांना देण्याचा राज्याचा कायदा झाला. १९९६ मध्ये तो देशभर गेला. त्या समोरच्या घराच्या जागी आता लहानशी बाग आहे. मी एकदा गेले होते. गाडीतून उतरले, दोन मिनिटं उभी राहिले आणि परत बसले. जास्त वेळ उभं राहवलं नाही.

तेव्हा यादी नको असं मी म्हणणारच नाही. त्या आईला "खाजगीपणा" वगैरे ऐकवायची माझी लायकी नाही. आणि खरं सांगायचं तर पुढे हे घर विकत घेताना शाळांचं रेटिंग बघायच्या आधी मी तीच साइट उघडली होती. रात्री अकराला, नवऱ्याला न सांगता. एकेक फोटो मोठा करून बघितला. बघायलाच हवं. नवीन कुटुंबांनी तर नक्की बघा.

पण बघणं वेगळं आणि गोल काढून गावभर वाटणं वेगळं. ह्या माहितीचा वापर करून कुणाला त्रास देणं, धमकावणं हा गुन्हा आहे, हे साइटवरच लिहिलेलं असतं. आपण तिथे डोळे मिटून "मान्य आहे" दाबतो. आणि हाकलणारे महाशय, टाउनने असे ठराव करून झालेत. शाळेपासून इतके फूट, बागेपासून तितके फूट. २००९ मध्ये न्यू जर्सीच्या सुप्रीम कोर्टाने ते उडवले, कारण कोण कुठे राहणार हे राज्याच्या कायद्यात बसतं, प्रत्येक टाउनने आपापली कुंपणं घालायची नाहीत. हाकललेला माणूस हवेत विरघळत नाही हो. शेजारच्या टाउनमध्ये जातो, नाहीतर नोंदच न करता कुठेतरी राहतो. ते बरं की पत्ता माहीत असलेला बरा?

आणि ज्याचा मला सगळ्यात जास्त संताप येतो ते आता सांगते, मग भले अनफ्रेंड करा.

दुसऱ्या श्रेणीतल्या माणसाचा एकमेव गुन्हा घरातल्याच मुलावर असेल, म्हणजे रक्ताचं किंवा लग्नाचं जवळचं नातं, किंवा पालक म्हणून त्याच घरात राहणारा, तर त्याचं नाव सहसा नेटवर टाकत नाहीत. कारण पटण्यासारखं आहे. बापाचं किंवा मामाचं नाव आणि फोटो जगाला दाखवला की ती मुलगी कोण हे कळायला कितीसा वेळ? तिच्यासाठीच ते झाकलेलं आहे. पण ह्याचा अर्थ काय, ते जरा डोक्यात घ्या. घरातलं प्रकरण सहसा नकाशावर येतच नाही. ठिपक्यांत दिसतो तो बहुतेक बाहेरचा. आणि आपण? मंडळाच्या नाटकाच्या तालमीनंतर पोरीला कुणाच्याही गाडीत बसवून देतो, "काका आहेत ना, सोडतील." तिला बसायचं नसेल तर "असं करू नये, मोठ्यांना वाईट वाटतं." पोर दोनदा नाही म्हणाली तर एकदा तरी "का गं?" विचारतो का आपण? ते विचारायला ॲप लागत नाही. पण तिथे आपल्याला लाज वाटते, आणि परक्याच्या दारावर गोल काढायला शौर्य येतं.

सगळे काका तसे नसतात, माहीत आहे मला. कमेंटमध्ये लिहायची गरज नाही.

पुण्याची मावसबहीण मागे म्हणाली होती, आमच्याकडे पण अशी उघडी यादी पाहिजे. भारतात यादी आहे गं. २० सप्टेंबर २०१८ ला सुरू झाली, नॅशनल क्राइम रेकॉर्ड्स ब्युरोकडे, तेव्हाच चार लाख चाळीस हजार नोंदी होत्या. पण ती फक्त पोलिसांना दिसते. पूर्वी मला ह्याचा राग यायचा. आता आपल्या सोसायट्यांचे व्हॉट्सॲप ग्रुप आठवतात, भाडेकरू सोडून गेल्यावर त्याच घरात येणारं कुणीतरी नवीन बिऱ्हाड आठवतं, आणि मी गप्प बसते. पोलिसांनी तरी ती नीट वापरावी, शाळांनी माणसं ठेवताना पोलिसांकडून तपासून घ्यावीत, एवढं झालं तरी पुष्कळ.

असो. चहा परत ठेवला. गोल काढलेला पत्ता राज्याच्या साइटवर शोधला. नाही सापडला. आज तिथे कोण राहतं मला ठाऊक नाही, पण ड्राइव्हवेत एक छोटी गुलाबी सायकल असते, रोज चालायला जाते तेव्हा दिसते. ग्रुपवर तेवढंच लिहिलं. पत्ता सरकारी यादीत नाही, ज्यांना शंका आहे त्यांनी टाउनच्या पोलिसांना फोन करा, आणि तो फोटो सगळीकडून काढा. दोन अंगठे आले. मग कुणीतरी दिवाळी पॉटलकची यादी टाकली.

दुपारी जिने स्क्रीनशॉट टाकला होता तिचा वेगळा मेसेज आला. "ताई, सॉरी. ऑगस्टमध्येच आलो आम्ही, इथे कुणाला ओळखत नाही. रात्री झोप लागली नाही म्हणून टाकलं." आता हिच्यावर काय चिडायचं? रविवारी चहाला बोलावलंय. तिने स्क्रीनशॉट काढून टाकला. बाकीच्या किती ग्रुपांवर गेला ते तिलाही माहीत नाही.

संध्याकाळी ओजसला सगळं वाचून दाखवलं. सोळाचा झालाय, जेवताना फोन सोडत नाही. म्हटलं, तुझा पाचवा वाढदिवस आठवतो का रे? म्हणाला, "आगगाडीचा केक ना? आठवडाभर ब्रेकफास्टला केक खाल्ला होता आपण. बेस्ट बर्थडे." त्याला वाटतं आम्ही मुद्दामच एवढा मोठा आणला होता.