‘पी २५४४’ म्हणजे गिअरबॉक्स गेला असं नाही

‘स्कॅनरवर पी २५४४ आला की गिअरबॉक्स उतरवावाच लागतो’ असा मेसेज फिरतोय. (पी २५४४ हा गाडीच्या कॉम्प्युटरने नोंदवलेला बिघाडाचा कोड.) तो चुकीचा आहे. ऑटोमॅटिक गाडीत गिअर बदलताना धक्का बसू नये म्हणून गिअरबॉक्सचा कंट्रोलर ईसीएमला, म्हणजे इंजिनच्या कंट्रोलरला, क्षणभर टॉर्क (इंजिनचा फिरवण्याचा जोर) कमी करायला सांगतो. या मागणीच्या सिग्नलमध्ये गडबड आहे, एवढंच हा कोड सांगतो. निरोप वाटेत अडकला की निरोप देणाराच आजारी, ते त्यावरून कळत नाही.

आधी सोबतचे कोड वाचा. यू ०१०१ असेल तर गिअरबॉक्सच्या कंट्रोलरशी संपर्कच तुटलाय; त्याचा छडा पहिला. मग बॅटरी, अर्थिंग, कनेक्टर. पिनांवर हिरवट गंज दिसला तर निम्मं काम झालंच म्हणायचं. बॅटरीची वायर काढून ओबीडी सॉकेटच्या (जिथे स्कॅनर जोडतात) ६ आणि १४ नंबरच्या पिनांत मल्टिमीटर लावा; कंट्रोलर एकमेकांशी बोलतात ती लाइन इथे येते. बहुतेक गाड्यांत साधारण ६० ओहम मिळायला हवेत. १२० आले तर लाइन कुठेतरी तुटलीय, शून्याजवळ आले तर शॉर्ट. (सॉकेट आणि या लाइनच्या मध्ये गेटवे, म्हणजे निरोप पुढे पाठवणारा वेगळा कंट्रोलर, असेल तर हे गणित चालत नाही, तिथे सर्किट डायग्राम उघडावाच लागतो.)

यातलं काहीच न बघता ‘ईसीएम बदला’ म्हणणाऱ्याकडे मी तरी गाडी ठेवणार नाही.