दोन कड्या काढल्याने चेन नवी होत नाही

इंदूरच्या डाळमिल, पोहामिल आणि शेव-नमकीनवाल्यांच्या मोबाइल गटांत यंत्रांच्या रोलर चेनबद्दल एक संदेश फिरतो आहे: "चेन ताणली जाते, दोन कड्या काढा की नव्यासारखी. स्प्रॉकेट आयुष्यभर टिकतं, बदला म्हणणारा दुकानदार लुटतो. चेन घट्ट ठेवा, वरून ग्रीस लावा. लोड वाढला तर छोटं स्प्रॉकेट बसवा. पिच जुळला की कुठलीही चेन चालते." (स्प्रॉकेट म्हणजे चेनचं दातेरी चाक, पिच म्हणजे लागोपाठच्या दोन पिनांमधलं अंतर.) हा सल्ला सरळसरळ नुकसानीचा आहे. बकेट एलिव्हेटरची (बादल्यांनी माल वर चढवणाऱ्या पट्ट्याची) ड्राइव्ह चेन भरल्या बादल्यांसह तुटली आणि बॅकस्टॉप (उलटं फिरणं रोखणारी सोय) नसेल, तर सगळा पट्टा उलटा धावतो.

"चेन ताणली जाते." प्लेटा ताणल्या जात नाहीत. पिन आणि बुश (पिनभोवतीची नळी) एकमेकांवर घासून झिजतात, त्या फटीमुळे चेन लांब होते. बुश आतल्या प्लेटांत घट्ट बसवलेले असल्याने आतल्या कडीचा पिच जवळपास तसाच राहतो आणि सगळी वाढ बाहेरच्या कडीत जाते. म्हणजे सरासरी वाढ 3 टक्के असेल तेव्हा बाहेरच्या कड्या सुमारे 6 टक्के लांबलेल्या असतात. एक कडी बरोबर, पुढची लांब, पुन्हा बरोबर. ड्राइव्हचे हिसके आणि खडखड इथून सुरू होते. कड्या काढून ही झीज कशी जाणार?

हिशोबही करून पाहा. 10बी नंबरच्या चेनचा पिच 15.875 मिमी. 84 कड्यांची चेन 1333.5 मिमी भरते आणि दोन कड्या म्हणजे 31.75 मिमी, सुमारे 2.4 टक्के. मोटर सरकवून ताण घेण्याची सोय नसेल, तर दोन कड्या निघण्याइतकी ढिलाई येईपर्यंत चेन संपतच आलेली असते. एकच कडी काढून हाफ लिंक (एका पिचची वाकडी कडी) घालणं त्याहून वाईट, कारण तिथे चेनची ताकद 20 ते 35 टक्के घटते.

मोजायचं असं: मेन स्विच बंद करून फलक लावा, चेनला हलका ताण द्या. एका पिनच्या डाव्या कडेपासून पुढच्या विसाव्या पिनच्या डाव्या कडेपर्यंत मोजा. 10बीमध्ये नवं माप 317.5 मिमी. 324 (2 टक्के वाढ) झालं की चेन मागवा, 327 ला (3 टक्के) ती उतरवलीच पाहिजे. मोठ्या स्प्रॉकेटला 67 पेक्षा जास्त दाते असतील तर मर्यादा आणखी कमी: 200 भागिले दात्यांची संख्या, इतके टक्के.

"स्प्रॉकेट आयुष्यभर टिकतं." लांबलेल्या चेनचे रोलर (बुशवर फिरणाऱ्या गोल कड्या) दाताच्या टोकाकडे चढून बसतात आणि दाताला आकड्यासारखा बाक येतो. अशा दातांवर नवी चेन घातली की भार अनेक दातांवर वाटला न जाता एक-दोनांवरच येतो, शिवाय सुटताना रोलर त्या बाकात अडकतो. नवी चेन काही आठवड्यांत आवाज करू लागली तर चेनला दोष देण्याआधी दाते बाजूने पाहा. 19 आणि 57 दात्यांच्या जोडीत लहान स्प्रॉकेटचा प्रत्येक दात तिप्पट वेळा लागतो, म्हणून आधी तेच जातं. चेन 2 टक्क्यांवर बदलत गेलात तर मोठं स्प्रॉकेट दोन-तीन चेन सहज काढतं. दाते विषम घ्या: 17, 19, 21. चेनच्या कड्या सम असतात. दातेही सम असतील तर लांबलेली कडी कायम त्याच खाचांत पडते.

"घट्ट ठेवा." नको. आडव्या ड्राइव्हमध्ये ढिल्या बाजूला मधोमध शाफ्टांमधल्या अंतराच्या 2 ते 4 टक्के हालचाल हवी, 500 मिमीला 10 ते 20 मिमी. उभ्या ड्राइव्हला याच्या निम्मी. त्याहून घट्ट चेन बेअरिंग आणि पिन दोन्ही खाते.

"वरून ग्रीस लावा." झीज पिन-बुशमध्ये होते, तिथे ग्रीस शिरतच नाही. उलट डाळीची भुकटी धरून ठेवतं. तेल ढिल्या बाजूला, चेनच्या आतल्या अंगाने, प्लेटांच्या फटीत सोडा. मे महिन्यात इंदूरचा पारा 40 च्या वर जातो, तेव्हा एसएई 40 जाडीचं तेल घ्या.

"छोटं स्प्रॉकेट बसवा." मोटरकडच्या स्प्रॉकेटला 19 ऐवजी 15 दाते घातले की पुढच्या शाफ्टला टॉर्क (फिरवण्याचा जोर) वाढतो, हे खरं. पण एलिव्हेटरचा वेग 21 टक्के उतरतो आणि चेनवरची ओढही वाढते. 100 आरपीएमवर 2.2 किलोवॅट देताना 10बी चेनवर 19 दात्यांना सुमारे 4,360 न्यूटन ओढ येते, 15 ला 5,500. दाते कमी तितका वेगही अस्थिर: प्रत्येक दातागणिक चढउतार 19 ला 1.4 टक्के, 11 ला 4 टक्के. लोड वाढला असेल तर चेनच एक नंबर वरची घ्या.

"पिच जुळला की चालते." 12ए (अमेरिकी मालिका) आणि 12बी (युरोपीय मालिका), दोन्ही चेनचा पिच 19.05 मिमी. पण आतली रुंदी 12.57 आणि 11.68. 12ए स्प्रॉकेटचा दात साधारण 11.9 मिमी जाड, तो 12बी चेनमध्ये जातच नाही. 08 नंबरच्या चेनमध्ये रोलरचा व्यास वेगळा, एमध्ये 7.92 आणि बीमध्ये 8.51 मिमी. बीची चेन ए स्प्रॉकेटच्या खाचेत तळाला बसत नाही, वर तरंगते. सियागंज बाजारात माल घेताना नुसतं "पाच सुती" किंवा "सहा सुती" (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग) सांगू नका. चेनचा पूर्ण नंबर, दाते, बोअर (मधलं भोक) आणि की-वे (चावीची खाच) लिहून न्या. 25 मिमी शाफ्टला चावी 8 बाय 7 मिमीची लागते.