मालक, शिडी!

आमच्या मातोश्रींनी काल माझ्या देखत, माझ्याच हॉलमध्ये, कॉम्प्युटरमधल्या एका बाईची बाजू घेतली. बाई खरी नाही. तिला पगार नाही, मत नाही, खेळाच्या कथेप्रमाणे तर तिला स्वतःची इच्छासुद्धा नाही. तोंड तेवढं आहे.

खेळ म्हणजे 'ड्रॅगन्स डॉग्मा २'. पहिला भाग २०१२ चा, हा दुसरा मार्च २०२४ चा. मी सेलची वाट बघणाऱ्यांपैकी, त्यामुळे आत्ता कुठे पोहोचलोय. ड्रॅगन आपलं काळीज काढून नेतो, आपण 'अराइझन' होतो आणि त्याच्या मागावर निघतो. सोबतीला तीन 'पॉन'. एक आपण घडवलेला, बाकीचे दोन दुसऱ्या खेळाडूंनी घडवलेले, भाड्याने आणायचे. माझ्या वाट्याला आलेली भाडोत्री बाई सहा फुटी, डोक्याचा तुळतुळीत गोटा, पाठीला तिच्याएवढीच तलवार. हा भाग तिने आधीच्या मालकाबरोबर पालथा घातलेला, आणि ते ती आपल्याला विसरू देत नाही. बदली होऊन आलेला हेडक्लार्क जसा 'आमच्या नाशिकच्या ऑफिसात असं नव्हतं' म्हणत फिरतो, तशी ही. पेटी कुठे आहे, मला ठाऊक आहे. गुहा कुठे आहे, मला ठाऊक आहे. चला माझ्या मागून.

तर आई सोफ्यावर मटार सोलत होती आणि मी सायक्लॉप्सच्या, म्हणजे एका एकडोळ्या राक्षसाच्या, मांडीला लोंबकळत होतो. या खेळात राक्षसाच्या अंगावर चढता येतं; डोळा गाठला की काम फत्ते. दम संपत आलेला, पट्टी लाल झालेली, आणि खालून बाई बोलली.

"काय म्हणाली रे ती?"

"शिडी आहे म्हणतेय."

"मग, आहे का शिडी?"

"आहे. तिकडे कड्याला."

"म्हणजे बरोबर सांगतेय की."

"आई, मी राक्षसाला लटकलोय!"

"म्हणूनच सांगत असेल. उतरायला."

दम संपला, मी सुटलो. आणि बाईने मला वरच्या वर झेललं. झेलतात हे लोक, खोटं कशाला बोलू? पण नेमकं तेव्हाच झेलायचं काही कारण होतं का?

"बघ," आई म्हणाली, "आजकाल कोण करतं कुणासाठी एवढं!"

लढाई संपली. मी लूट गोळा करायला लागलो, तर बाई टाळीसाठी हात वर करून उभी.

"अरे, टाळी दे तिला."

"आई, मी हाडं वेचतोय."

"ती मेली हात वर करून ताटकळलीय आणि तू हाडं कसली वेचतोस?"

गेलो. दिली टाळी. माझ्या परीक्षेच्या काळात याच आईने मला कधी पाणी विचारलेलं आठवत नाही.

मुळात शहरापर्यंत चालत जायची वेळ का आली, तेही सांगतो. गावातून शहरात बैलगाडी जाते. पैसे मोजायचे, बसायचं, डुलकी काढायची, पोहोचायचं. मी डुलकीच काढत होतो. जाग आली तर वरून ग्रिफिन, म्हणजे गरुडाचे पंख लावलेला सिंह, उतरलेला, गाडीचा भुगा, बैल गतप्राण. गाडीवानाला तिकिटाचे पैसे परत मागावेत, तर गाडीवान शिल्लक हवा. दिग्दर्शक हिदेआकी इत्सुनो यांचं म्हणणं असं, की प्रवास कंटाळवाणा वाटत असेल तर दोष प्रवासाचा नाही, खेळाचा. पटलं. म्हणून इथे झटकन कुठे पोहोचायचे दगड महाग आणि दुर्मीळ ठेवलेत. एवढं तत्त्वज्ञान ऐकवल्यावर त्याच प्रवासाची सोय करणारा 'पोर्टक्रिस्टल' पहिल्या दिवसापासून दुकानात खऱ्या पैशांना कुणी मांडला? यात विनोद करण्यासारखं काही नाही. पूर्ण किंमत घेतलेल्या माणसापुढे पुन्हा वाडगं धरायचं नसतं.

असो. रात्री दमून त्या शहरात, व्हर्नवर्थला, पोहोचलो, सराईत खोली घेतली, झोपलो. सकाळी शहर मेलेलं.

बाईला ड्रॅगनची साथ लागली होती. 'ड्रॅगन्सप्लेग' म्हणतात. लागण झालेला पॉन डोकं धरतो, सांगितलेलं ऐकत नाही, डोळे लालबुंद होतात. आणि आपण सराईत झोपलो की रात्रीत सगळी वस्ती कापून काढतो. उपाय म्हणजे त्याला आधीच रजा देणं किंवा समुद्रात फेकणं. मागे एका अपडेटमध्ये साथ कमी केली आणि डोळे आणखी चमकवले, असं ऐकून आहे. पण डोळे दिसणार कधी? बाई सतत माझ्या पुढे, मला शिडी दाखवत! बरं, मागे फिरावं, तर खेळात सेव्ह एकच, आणि सराईत झोपलात की जुनं पुसलं जातं. गुन्हेगार बाई केव्हाच पसार.

चहा पिताना आईला हे सांगितलं. तिने विचार केला.

"तू काहीतरी बोलला असशील तिला."

आता व्हर्नवर्थचा प्रश्न. या शहरात पाऊल टाकलं की माझा कॉम्प्युटर धापा टाकायचा, कारण माणसांची गर्दी प्रोसेसरला झेपत नाही. खेळ नवा होता तेव्हा लोक चित्र अडकू नये म्हणून वाटेतल्या गावकऱ्यांना मारत सुटले होते. काल रात्रीपासून माझ्याकडे सगळं सुरळीत. बाजारातून राजवाड्यापर्यंत पळत गेलो, एकदाही अडकलं नाही. काम सांगायला मात्र कुणी नाही, विकायला कुणी नाही.

शवागारात जाऊन एकेकाला उठवता येतं, माणशी एक वेकस्टोन. तेही दुकानात खऱ्या पैशांना आहेतच. माझ्या झोळीत दोन आहेत. एकात लोहाराला उठवतो. दुसऱ्याचं बघू, जितकी माणसं उठवावीत तितका खेळ अडकणार.